नाव गिरिजात्मज, मुक्काम पिंपळवंडी

पुण्यात वाकडेवाडीच्या स्टँडवर नाशिकच्या एसटीत बसलो तेव्हा पिशवीत कपड्यांचा एक जोड होता आणि डोक्यात बाबांनी दिलेलं एक काम. आईचा तरुणपणीचा फोटो आणायचा होता. आई गेली त्याला महिनाही झाला नव्हता. रविवारी तिची स्मृतिसभा होती आणि सभेत वाटायच्या पुस्तिकेवर छापायला घरात एकही धड फोटो नव्हता. होते ते सगळे मोर्च्यांतले. त्यांत बाबा मधोमध, मूठ वर, तोंड उघडं. आई कडेला कुठेतरी, फलकाच्या काठीआड अर्धी.

"पिंपळवंडी. आळेफाट्याच्या अलीकडे," बाबा म्हणाले होते. "तिचा भाऊ नदीकडच्या मळ्यात राहतो. माझं नाव सांग, ओळखतील."

आईच्या माहेरी आईचं नाव का सांगायचं नाही, हे तेव्हा मला सुचलं नाही. त्या घराशी आमचा संबंधच नव्हता. बाबा वेगळ्या जातीचे. जुन्नरच्या कॉलेजात शिबिर घ्यायला गेले आणि आई त्यांच्याबरोबर निघून आली. तिकडची माणसं सरंजामी, एवढंच मला लहानपणापासून माहीत.

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा आहे. अक्षरओळख झाली ती पत्रकांवर, अभ्यास केला तो पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. मजकूर बाबांचा, घड्या आईच्या. कागद दुमडून ती कडेवरून अंगठ्याचं नख ओढायची, आणि घराघरांत जाणारं ते बंड नीट चौकोनी व्हायचं. सगळ्या पत्रकांखाली एकच नाव असे, हरिभाऊ. बाबांना महाराष्ट्रभर त्याच नावानं ओळखतात. आईला ओळखतात कॉम्रेड क्रांती म्हणून.

आणि माझं नाव गिरिजात्मज. गिरिजा म्हणजे पार्वती, आत्मज म्हणजे मुलगा. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या डोंगरात जो अष्टविनायकांपैकी गणपती आहे, त्याचं हे नाव. देवाचं असतं, माणसाचं मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. मी जन्मलो तेव्हा बाबा दौऱ्यावर होते आणि आईनं दवाखान्यात परस्पर नाव सांगून टाकलं. बाबा परत आले तोवर ते कागदावर चढलं होतं. "आमच्या घरातली ही एकमेव अंधश्रद्धा," असं ते कार्यकर्त्यांना हसत सांगायचे. "बायकोनं नवस केला असणार लेण्याद्रीला." आई यावर हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही.

बाबांनी मग नाव छाटलं आणि मला आत्मज करून टाकलं. पुढे त्यांनी मोहीम काढली: मुलांच्या नावापुढे बापाचं नको, आईचं नाव लावा. त्या पत्रकाच्या घड्या मीही घातल्या आहेत. मोहिमेचा पहिला मानकरी अर्थात मीच. आत्मज क्रांती. आजवर माझं जे काही छापून आलं, ते याच नावानं. आई मात्र शेवटच्या आजारातसुद्धा मला पुरत्या नावानं हाक मारायची, एकही अक्षर न गाळता. धाप लागायची तिला. आम्ही म्हणायचो, अगं, कशाला एवढं लांबण लावतेस.

मंचरला, म्हणजे आंबेगाव तालुक्यात शिरल्यावर, शेजारी एक शेतकरी येऊन बसले. मांडीवर बियाण्याची पिशवी. गाडी सुटली आणि चौकशीही.

"नाव काय भाऊ?"

"आत्मज."

"पुढं?"

"क्रांती."

"हे आडनाव म्हणायचं का गाव?"

"आईचं नाव."

"आन बापाचं?"

"लावत नाही."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "का वो, भांडान झालं का काय राव घरात?"

मी त्यांना मोहीम समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. मग म्हणाले, "चांगलं हाये. आमच्या म्हातारीचं नाव काय व्हतं ते मला इचाराल तर आठवून सांगावं लागंल. आई म्हणायचो ना आमी."

या नादात पिंपळवंडी कधी गेलं कळलंच नाही. नाशिकची गाडी तिथं थांबतही नाही म्हणे. कंडक्टरनं सरळ आळेफाट्याला उतरवलं. आळेफाटा म्हणजे चहूकडे फुटणारे रस्ते, ट्रकांच्या रांगा, गॅरेजांतून येणारा टायरचा आणि वडे तळल्याचा वास. इथं कोणी राहायला आलंय असं वाटतच नाही, सगळे निघालेलेच दिसतात. मिसळ खाल्ली, ती जहाल होती, आणि एका रिक्षात कोंबून घेऊन उलटा आलो.

"मळ्यात जायचंय? मंग घरापातुर सोडतो," रिक्षावाला म्हणाला. "उसातनं चालत नका जाऊ पावणं. बिबट्या हाये. त्यो जात-पात काय बघत न्हाई."

मला तो टोमणा वाटला. बिचाऱ्याला माझ्याबद्दल काय माहीत असणार? पण अशा घराकडे निघालेल्या माणसाला सगळंच लागतं.

उसाच्या दोन फडांमधून रस्ता नदीकडे उतरत होता. शेवटी पत्र्याची शेड, स्लॅबचं घर आणि पुढे सारवलेलं अंगण. शेडच्या सावलीत साठीचा एक माणूस कांदे निवडत बसला होता. आईची हनुवटी त्याच्या चेहऱ्यावर होती.

"कोण पावणं? बसा की. व्यापाऱ्याकडून आलाय का?"

हरिभाऊंचा मुलगा, असं सांगायचं ठरलं होतं. पण ती हनुवटी बघून जीभ तिकडे वळेना. का कोण जाणे, आई हाक मारायची तसं मी पुरतं नाव सांगितलं.

"मी गिरिजात्मज."

कांदा हातातच राहिला. घरातून भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली.

"काय म्हणलास?" त्या माणसानं विचारलं.

मी परत सांगितलं.

"ह्या घरात ते नाव घेत न्हाईत."

"ते माझंच नाव आहे. मी तुमच्या बहिणीचा मुलगा."

"मला भन न्हाई. व्हती. गिरिजा व्हती. ती गेली त्या दिशी तिच्या नावानं आंघोळ केली आमी."

गिरिजा. पंचवीस वर्षं मी ते नाव माझ्या नावात घेऊन फिरतोय आणि ते आईचं आहे, हे मला परक्या अंगणात उभं राहून कळत होतं. आईचं नाव क्रांती आहे, असं मी म्हणणार होतो. म्हणालो वेगळंच.

"मामा, आई गेली. खरोखरची. या महिन्यात."

मामा उठले. माझ्याकडे न बघता शेडच्या मागे गेले. पाण्याची मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, विषय संपला, माणूस पिकाला पाणी द्यायला निघून गेला. दारातल्या बाईनं मला खुणेनं शेडच्या कोपऱ्यावर बोलावलं. मामा पंपाच्या धारेखाली बसले होते, अंगात सदरा, डोक्यावर टोपी तशीच. धार डोक्यावर आपटत होती आणि ते जागचे हलत नव्हते. सुतक कळलं की आंघोळ करतात, तेवढं मलाही माहीत होतं.

"बघ," ती बाई, म्हणजे माझी मामी, म्हणाली. "एकदा केलीय ना आंघोळ तिच्या नावानं? मंग आता कशाला करतोय? पयली खोटी व्हती म्हन की रं मेल्या."

आणि पदर तोंडाला लावून ती रडायला लागली.

संध्याकाळी मामीनं मासवडी केली (नावात मास असलं तरी बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं तिखट सारण भरून केलेली वडी, सोबत झणझणीत रस्सा). आई ही वडी करायची तेव्हा ती कुठली म्हणून मी कधी विचारलं नव्हतं. मामा जेवले नाहीत, ओसरीवर पाठ करून पडून राहिले. फोटोचं मी विचारलं. मामी म्हणाली, सगळे तेव्हाच चुलीत गेले.

"तिकडं तिला काय म्हणायचे?" मामीनं विचारलं.

"क्रांती."

"म्हंजे काय?"

"मोठा बदल. जुनं सगळं उलथून टाकणं."

"कुणी ठिवलं?"

"बाबांनी. लग्नात."

मामी हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसली. "माझं म्हायेरचं नाव शेवंता. हितं आले, ताटात तांदूळ पसारले, आन ह्यांनी अंगठीनं लिवलं, मंदाकिनी. झाले मंदा. तुज्या बापानं तांदूळ पसारले का?"

"आमच्याकडे असलं काही नसतं. रजिस्टर लग्न झालं. हार आणि भाषणं."

"म्हंजे तांदूळ बी न्हाई, अंगठी बी न्हाई." मामी हसली, पण ते हसू मला सोसवेना. "फुकाटात बदललं की रं माझ्या गिरिजाचं नाव."

त्या विधीवर बाबांचं एक पत्रक आहे. बायकोचं नाव बदलणं म्हणजे गुराला डाग देणं, असं त्यात लिहिलंय. मी ते तोंडपाठ म्हणून बक्षीस मिळवलेलं आहे. ते मामीला सांगायची माझी छाती झाली नाही.

रात्री पडल्या पडल्या मी एवढाच हिशेब लावत होतो. इथं तिचं नाव मेलं म्हणून कोणी घेत नव्हतं. तिकडे ते जुनं म्हणून कोणी घेत नव्हतं. आणि तिच्या मुलाला तिचं नाव लावायचं म्हणून त्याच्या नावातलं तिचं नाव कापून, नवऱ्यानं दिलेलं नाव जोडलं होतं. ते काम आम्ही पुरोगामी लोकांनी केलं. या घरानं निदान पत्रकं तरी काढली नाहीत.

सकाळी मी निघालो तर मामी लुगडं बदलून, पिशवी घेऊन तयार.

"कुठं?" ओसरीवरून मामा.

"लेण्याद्रीला. भाच्याबरुबर."

जुन्नरच्या गाडीत मामीनं सांगितलं की गिरिजा गेल्यापासून या घरातलं कोणी लेण्याद्रीचा डोंगर चढलेलं नाही. देवाच्या नावात तिचं नाव, म्हणून देवच वर्ज्य. "अष्टविनायकची ट्रिप काढली गावानं. सात गणपती केले, पार पालीपातुर जाऊन. आन हा घराजवळचा आला तवा आमी दोघं गाडीत बसून ऱ्हायलो, शेंगा खात. लोक इचारायचे, पाय दुखत्यात का? हे म्हणायचे, व्हय, दोघांचे बी."

लेण्याद्री लांबून दिसतो तो काळा कातळ आणि त्यात ओळीनं खोदलेली दारं. ही बौद्ध लेणी. भिक्खूंनी पावसाळ्यात राहण्यासाठी कोरून घेतलेल्या खोल्या, त्यांतल्याच एका विहारात नंतर गणपती आला. पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढून देवाला भेटावं लागतं. मी मामीला म्हणालो, बघा, हे मुळात कोणाचं आणि आता नाव कोणाचं. एरवी मी यावर तासभर बोललो असतो. मामी म्हणाली, "म्हंजे ह्याचं बी बदललंच," आणि पायऱ्या चढायला लागली. माझं व्याख्यान तिथंच आटोपलं.

मधल्या वळणावर एका माकडानं तिच्या पिशवीतून केळी ओढून नेली. "घे बाबा, तूच खा, वरचा काय खातोय," असं म्हणत ती धाप टाकत बसली. पलीकडे कुकडीचं खोरं, द्राक्षांचे मांडव, आणि दूर शिवनेरी.

विहार प्रशस्त आहे आणि त्याला मध्ये एकही खांब नाही. कडेनं अंधाऱ्या खोल्या, आणि समोरच्या भिंतीतच देव. पाठमोरा आहे असं सांगतात. शेंदराच्या थरामुळे मला पुढचं-मागचं काहीच कळलं नाही. मामी हात जोडून उभी राहिली. मी जोडले नाहीत.

"जोडलं तर गळून पडतील का हात?"

"मी मानत नाही मामी."

"मी कुठं मान म्हणते? उभा ऱ्हा निस्ता."

गुरुजींनी विचारलं, पूजा कोणाच्या नावे?

"गिरिजाच्या," मामी म्हणाली. मोठ्यानं. त्या बिनखांबी दालनात आवाज फिरून परत आला.

"आणि आपण?" गुरुजी माझ्याकडे वळले.

"गिरिजात्मज."

गुरुजी हसले. "देवाचं नाही विचारलं हो. तुमचं विचारलं."

"सोताचंच सांगतोय तो," मामी म्हणाली.

मग बाहेर पडवीत बसून तिनं मला त्या नावाचं सांगितलं. "मी लगीन होऊन आले तवा गिरिजा बारावीला व्हती. पयल्याच चतुर्थीला मला हितं घेऊन आली. हितंच बसलो व्हतो. म्हणाली, वयनी, पारवतीनं तप केलं आन आपल्या अंगाच्या मळाचं पोरगं केलं, बापाचा संबंधच न्हाई त्यात. म्हणून ह्याच्या नावात आईचं नाव हाये, बापाचं न्हाई. मला पोरगा झाला तर हेच ठिवणार. मी म्हणलं, बाई, लई लांबडं हाये, तू हाक पुरी करस्तोवर पोरगं शाळा करून घरी येईल."

आईनं नवस केलाच नव्हता. बाबांनी मोहिमेचं पहिलं पत्रक लिहिण्याआधी, एका शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीनं या कातळावर बसून आपल्या मुलाला आईचं नाव लावायचं ठरवलं होतं. आणि आम्ही तिला त्या मोहिमेच्या घड्या घालायला बसवलं.

"सभा कवाय?" उतरताना मामीनं विचारलं.

"रविवारी. याल?"

"बोर्डावर तिचं नाव असंल तर येईन. त्या दुसऱ्या बाईला मी वळखत न्हाई."

मी शब्द दिला.

जुन्नरच्या स्टँडवरून बाबांना फोन लावला.

"मिळाला का फोटो?"

"नाही. बाबा, आईचं नाव गिरिजा होतं."

पलीकडे प्रेसमधल्या मशीनचा आवाज येत होता. "होतं. मग?"

"तुम्ही बदललंत."

"आम्ही दोघांनी ठरवून. तेव्हा सगळेच बदलत होते. जुनं ओझं टाकायचं होतं. देवाधर्माची नावं कशाला वागवायची?"

"मग तुम्ही हरिभाऊ कसे राहिलात?"

"माझं नाव लोकांना माहीत झालं होतं," बाबा म्हणाले. ते चिडलेसुद्धा नाहीत. त्यांना ते खरंच पुरेसं कारण वाटत होतं.

परतीच्या गाडीत मी भांडणाचे मुद्दे काढत आलो. घरी भांडलो. प्रेसमध्ये भांडलो. शनिवारी कार्यकर्त्यांची बैठक झाली, लोकशाही पद्धतीनं. चळवळीला त्या क्रांती म्हणून माहीत आहेत, ऐन वेळी गोंधळ नको, असं ठरलं. निदान कंसात गिरिजा टाका, मी म्हणालो. एक ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, "आत्मज, आईचं दुःख आहे, समजू शकते. पण तू माहेरच्या प्रतिगामी गोतावळ्याच्या नादी लागतोयस." सगळ्यांनी मान हलवली. बाबांनीही. मामीला मी फोन करून खरं ते सांगितलं. "बरं," एवढंच ती म्हणाली.

रविवारी सभागृह भरलं होतं. मंचामागे कापडावर मोठ्या लाल अक्षरांत कॉम्रेड क्रांती. खुर्चीखुर्चीवर पुस्तिका, मुखपृष्ठावर मोर्च्यातला तो फोटो, काठीआडची अर्धी आई. घड्या कोणीतरी नवख्यानं घातल्या होत्या. कडा जुळल्या नव्हत्या. बाबा बोलत होते, स्त्रीला स्वतःची ओळख मिळाली पाहिजे यावर. चांगलं बोलत होते. तोच त्रास आहे, ते नेहमी चांगलंच बोलतात.

मध्येच दाराशी उभा असलेला एक कार्यकर्ता हातात स्टीलचा डबा घेऊन आत आला. कोणाला द्यावा हे न कळून खुर्च्यांच्या मधोमध थांबला. बाबांनी भाषण थांबवलं.

"माफ करा," तो म्हणाला. "बाहेर गावाकडच्या एक बाई आल्या होत्या. सोबत एक टोपीवाले होते. बोर्ड वाचला आणि म्हणाल्या, आमचं माणूस इथं न्हाई. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, डबा देऊन गेल्या." त्यानं सभागृहावरून नजर फिरवली. "गिरिजाच्या पोराला द्या म्हणाल्या. इथं गिरिजाचा मुलगा कोण आहे?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, दुसऱ्या हॉलचं असेल. बाबा माइकसमोर उभे होते. त्यांना उत्तर माहीत होतं आणि त्यांनी समोरच्या कागदाकडे बघितलं.

जुन्नर-आंबेगावकडून मी फोटो आणू शकलो नाही. जे घेऊन आलो होतो, आईचं माहेर, ते या हॉलच्या दारातून परत गेलं होतं, आणि आतापावेतो स्टँडच्या वाटेला लागलं असणार.

मी हात वर केला आणि डबा घ्यायला उठलो.